अनोळखी मेल उघडू नये

दहिवली, कर्जत
१२ जून २०२३

चि. उज्वला हिस,
श्रीपतकाकाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

माझं पत्र बघून दचकू नको, घरी सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण गेल्या दोन वर्षांत माझे कान पार गेले. जगदीश मोबाइल कानाला लावून देतो तेव्हा माशी भणभणल्यासारखं ऐकू येतं, आणि पलीकडचा माणूस ओरडून ओरडून दमतो. माथेरानच्या हॉटेलात एकतीस वर्षं पाहुण्यांची नोंदवही लिहिली, त्यामुळे हात तेवढा अजून चालतो.

काम असं आहे. परवा जगदीशच्या मोबाइलवर इंग्रजीत एक मेल आला. तुझ्या संस्थेचा, अनुमेघ प्रतिष्ठानचा. वर तेच झाडाचं चित्र, जे तू दिलेल्या कॅलेंडरवर आहे. जगदीशच्या आरोहीने पाटीवर मराठीत उतरवून मला दाखवला. (ती पाटी आता घरात माझ्यासाठीच असते.) ग्रामीण भागातल्या हुशार मुलींना संस्था शिक्षणासाठी दोन लाख रुपये देणार, त्यात आपली आरोही निवडली गेली, नोंदणीचे साडेआठ हजार आधी भरावेत, असं त्यात आहे.

आरोही यंदा बारावीत गेली. वर्गात पहिली-दुसरी असते. मला वाटलं, हे तूच केलं असशील आणि मोठेपणा नको म्हणून गप्प राहिली असशील. तुझा बाप, माझा चुलतभाऊ, असाच होता. उपकार करायचा आणि दुसऱ्या गल्लीने निघून जायचं. तरी एकदा तुझ्या हातचं उत्तर येऊ दे. पैसे अजून भरलेले नाहीत.

तुझी मालनकाकी विचारते, लोणचं संपलं का?

तुझा काका,
श्रीपत


चेंबूर, मुंबई
१७ जून २०२३

आदरणीय श्रीपतकाका,
तुम्हाला आणि काकींना जयभीम.

पैसे भरू नका. बाकीचं नंतर वाचा, आधी हे. तो मेल खोटा आहे.

तुमचं पत्र मिळाल्या मिळाल्या जगदीशदादाला फोन लावला. तो टेंपो घेऊन घाटात होता. "मला काय ठाव नाय, आबांना विचार," म्हणाला आणि ठेवून दिला. म्हणून हे लगोलग लिहिते.

आमच्या संस्थेच्या नावाने कुणीतरी असे मेल राज्यभर पाठवतंय. मार्चपासून चौदा तक्रारी आल्या. संस्थेच्या नावाने जी जी जाहीर निवेदनं निघतात ती मी लिहिते, शिक्षणावरची, जंगल राखण्यावरची, आणि आता ही. मार्चमध्येच मी एक निवेदन लिहून संस्थेच्या वेबसाइटवर टाकलं होतं. ते इंग्रजीत आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की संस्था कुणाकडेही पैसे मागत नाही.

आरोहीला सांगा, वाईट वाटून घेऊ नको. तिच्या हुशारीला खोट्या मेलची गरज नाही.

लोणचं संपलं. मेमध्येच संपलं.

आपली,
उज्वला


दहिवली
२ जुलै २०२३

चि. उज्वला,

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. माझ्या वयाला ते शोभत नाही, म्हणून आज सांगून टाकतो. तुला पहिलं पत्र पेटीत टाकलं त्याच्या आदल्या दिवशीच पैसे भरले होते. भरल्यावर शंका आली, म्हणून तुला विचारलं. "भरले नाहीत" असं लिहिलं, कारण खरं असतं तर तू हसली असतीस, आणि खोटं असतं तर कुणाला कळलं नसतं.

ते कानाच्या यंत्रासाठी साठवलेले होते. खोपोलीला डॉक्टरांनी माप घेऊन ठेवलं होतं. आता कान काय, गेले तर गेले, या वयात नवीन काय ऐकायचं राहिलंय?

पोलीस ठाण्यात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी पाणी दिलं, सगळं कागदावर समजून घेतलं, तक्रार नोंदवली. पण पैसे परत येण्यातले नाहीत, हेही त्यांनी लिहूनच दाखवलं.

पैशापेक्षा घरातलं जास्त लागलं. आता जगदीश टेंपोचे कागद, गॅसचं पुस्तक, लाइट बिल असलं काहीही माझ्याकडे देत नाही. आरोहीच्या आईकडे देतो.

तुझ्याकडे एकच मागतो. ते निवेदन मराठीत करून पाठव. मोठ्या अक्षरात. मार्चमध्ये ते आमच्या वाडीत मराठीत लागलं असतं तर मी वाचलं असतं. मी भिंतीवरचा प्रत्येक कागद वाचतो.

श्रीपतकाका


चेंबूर
२४ जुलै २०२३

आदरणीय काका,

तुमचं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी मराठी मजकूर लिहायला घेतला.

सोबत तीस प्रती आहेत. उशीर झाला, कारण मराठीत काढायची परवानगी लवकर मिळेना. आमचे साहेब म्हणाले, "आपली वेबसाइट वाचणाऱ्यांना इंग्रजी येतं." मी म्हटलं, ज्यांना येत नाही तेच फसतायत. मग त्यांनी सही केली.

शब्द मी मुद्दाम थोडे आणि कडक ठेवले आहेत, म्हणजे कुणाला शंका राहू नये:

"अनुमेघ प्रतिष्ठान कोणालाही स्वतःहून मेल पाठवत नाही. संस्थेच्या नावाने आलेला अनोळखी मेल उघडू नये. उत्तर देऊ नये. तत्काळ पुसून टाकावा."

कानाच्या यंत्राचे पैसे मी पाठवते. नाही म्हणू नका.

उज्वला


दहिवली
१० सप्टेंबर २०२३

चि. उज्वला,

पैसे पाठवू नको. पाठवलेस तर मनीऑर्डर परत करीन, ते मला चांगलं जमतं.

तुझे कागद मात्र सोन्यासारखे निघाले. विहाराच्या भिंतीवर एक, ग्रामपंचायतीत एक, दोन्ही शाळांत, पिठाच्या गिरणीवर, रेल्वे स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांच्या शेडमध्ये. जगदीशने दोन शिळफाट्याच्या बाजारात लावले. आता ऐक. आपला किराणावाला नामा, त्यालाही तसाच मेल आला. तो पैसे भरायला निघालाच होता. गिरणीवर दळण ठेवलं, कागद वाचला आणि पिठाच्या हातानं माझ्याकडे पळत आला. पाटीवर लिहिलं, "काका वाचलो." अशी आणखी तिघं आहेत. लोक आता काहीही आलं की माझ्याकडे घेऊन येतात. परवा जगदीशने लाइट बिल माझ्या हातात दिलं. तुला सांगतो, मी ते बिल दोनदा वाचलं.

आरोहीचं सांगायचं राहिलं. तुमच्या संस्थेची खालापूरकडे डोंगराच्या पायथ्याला जी रोपवाटिका आहे, तिथं ती दर रविवारी जाते. जगदीश टेंपोतून सोडतो. ऐन कुठला आणि किंजळ कुठला, हे ती पानाला हात न लावता ओळखते. तिथल्या लोकांनी तिला सांगितलं की बारावी झालेल्या इथल्या मुलींसाठी तुमची संस्था वनशास्त्राची शिष्यवृत्ती देणार आहे. खरीखुरी. चार वर्षांचं शिक्षण, राहणं-खाणं सगळं.

तू तिथं आहेस. एक शब्द टाकशील का? जास्त नाही, एकच.

श्रीपतकाका


चेंबूर
३ ऑक्टोबर २०२३

आदरणीय काका,

हे लिहायला जड जातंय, पण स्पष्ट लिहिते. मी शब्द टाकणार नाही. नात्यातल्या कुणाचा अर्ज असेल तर त्याबद्दल आम्ही ऑफिसात बोलायचं नाही आणि घरीही काही कळवायचं नाही, असा नियम आहे. त्यावर माझी सही आहे. आपल्या माणसांबद्दल लोक आधीच काय काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आरोही तिच्या गुणांवर आत जाईल तेव्हा कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये.

म्हणून या विषयावर कृपया मला पुन्हा काही विचारू नका. मीही काही सांगणार नाही.

राग मानू नका.

उज्वला


चेंबूर
४ ऑगस्ट २०२४

आदरणीय काका,
तुम्हाला आणि काकींना जयभीम.

दहा महिन्यांत तुमचं एकही पत्र नाही. मीही लिहिलं नाही. आधी वाटलं तुम्ही रागावलात, मग वाटलं रागावू दे, आणि नंतर नुसती लाज वाटत राहिली.

आज मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही. शिष्यवृत्ती का नाकारलीत? माझ्यावरचा राग आरोहीच्या आयुष्यावर का काढलात?

आता सगळं ठरून गेलंय, तेव्हा नियम मोडून सांगते. एकशे बारा अर्ज होते, निवडल्या फक्त सहा मुली. तिसरं नाव आरोहीचं होतं. मी निवडीत नव्हते, पण तिचा निबंध माझ्या टेबलावर आला, कारण वार्षिक निवेदनात मुलींच्या लिखाणातल्या ओळी द्यायच्या होत्या. काका, मागच्या वर्षी मी एका निवेदनात लिहिलं होतं की खालापूरच्या डोंगरावर आमची नव्वद टक्के झाडं जगली. आरोहीने लिहिलं होतं, "मी उतारावरच्या शंभर खड्ड्यांत जाऊन पाहिलं. एक्केचाळीस झाडं जिवंत आहेत. नव्वद टक्के लिहिणाऱ्या बाईंनी एकदा वैशाखात यावं." ती बाई मीच, हे तिला माहीत नसणार. निवड समितीच्या सोनाली मॅडमनी तिला त्याच निबंधावर निवडलं.

१० जूनला मी यादी पाहिली. कागद घेतला, "प्रिय काका" इतकं लिहिलं, आणि नियम आठवून फाडला. मग रोज वाट पाहिली की तुमचंच पत्र येईल. सात दिवसांत होकार कळवायचा होता. आठव्या दिवशी तिच्या नावापुढे "प्रतिसाद नाही" असं आलं आणि जागा पुढच्या मुलीला गेली.

एवढं तरी सांगा, का?

उज्वला


दहिवली
११ ऑगस्ट २०२४

उज्वला,

कुठली शिष्यवृत्ती? आम्ही काय नाकारलं?

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुझं ते ऑक्टोबरचं पत्र आल्यावर मी आरोहीला म्हटलं होतं, "आत्यानं नाय म्हटलं, तो नाद सोड." ती मान हलवून गेली. तिने अर्ज भरला, निबंध लिहिला, यातलं घरात कुणालाच माहीत नाही. तिच्या आईलाही नाही. मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. नियम बरोबर होता. मागायला गेलो याची लाज वाटत होती, म्हणून लिहिलं नाही.

आता जे झालं ते लिहितो.

जूनचा दुसरा आठवडा असेल. मी ओट्यावर बसलो होतो. आरोही बापाचा मोबाइल घेऊन आली. पाटीवर लिहिलं, "आबा, अनुमेघचा मेल आलाय."

मी म्हटलं, "पूस."

तिने लिहिलं, "हा वेगळा हाय. उघडून बघू?"

मी म्हटलं, "वेगळा-बिगळा काय नसतो. सगळे एकाच आईचे. आत्याचा कागद वाचला नायस? उघडायचा नाय, पुसायचा."

ती उभीच राहिली. मी म्हटलं, "माझ्यासमोर पूस." तिने पुसला. मोबाइल उलटा करून मला दाखवला, बघा, नाही आता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी विहारापाशी चार माणसांत छाती फुगवून सांगितलं, माझ्या घरात पण आला होता, पोरीनं माझ्या एका शब्दावर पुसला.

तो हाच होता का? तारखेवरून सांग. दुसरा असेल, खोटा असेल, असं काही होऊ शकतं का?

आरोहीने या महिन्यापासून इथल्या एका रिसॉर्टमध्ये नोकरी धरली आहे. पाहुण्यांना खोल्यांच्या चाव्या देते. बी.ए.ला बाहेरून नाव घातलंय. मी तिला अजून काही विचारलेलं नाही. विचारायचं कसं तेच कळत नाही.

श्रीपत


चेंबूर
२२ ऑगस्ट २०२४

काका,

तो हाच होता. ११ जून, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मी नोंद पाहिली.

चूक तुमची नाही. नीट समजावून सांगते. निवड झालेल्यांना कळवण्याचं काम संस्थेने यंदा बाहेरच्या लोकांना दिलं होतं. त्यामुळे मेल आमच्या नेहमीच्या पत्त्यावरून गेलाच नाही, भलत्याच पत्त्यावरून गेला. मीही तो पाहिला असता तर खोटाच म्हटला असता. आणि मी लिहिलेली ती पहिली ओळ, "संस्था कोणालाही स्वतःहून मेल पाठवत नाही", ती खरी नव्हती. खोटं लिहावं असा हेतू नव्हता. ओळ ठसठशीत वाटली म्हणून लिहिली. अर्ज करणाऱ्या मुलींना आम्ही मेल पाठवतो, नेहमीच पाठवत आलोय. तेवढे दोन शब्द, "अर्ज केल्याशिवाय", मी घालायला हवे होते. सहीपूर्वी ती ओळ पाच जणांनी वाचली. कुणाला खटकली नाही.

मी साहेबांकडे गेले. नियमाचं काय होईल ते होवो म्हटलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "जागा भरली. त्या दुसऱ्या मुलीला आता काय सांगणार? ती हॉस्टेलला राहायला गेली." ती दुसरी मुलगी पण कुणाची तरी नातच. मग पुढच्या वर्षीचं विचारलं. पुढच्या वर्षी त्याच वर्षी बारावी झालेल्या मुलींनाच घेणार. तोही नियमच, आणि त्याचंही निवेदन मीच लिहिलेलं.

गेल्या आठवड्यात वार्षिक निवेदन निघालं. त्यात "निवडलेल्या सर्व मुलींपर्यंत संस्था पोहोचली" असं वाक्य आहे. मी म्हटलं हे काढूया. साहेब म्हणाले, "मेल गेला होता ना? मग पोहोचलो." माझ्या हातून ते वाक्य तसंच छापायला गेलं. मला अजून आठ वर्षं घराचे हप्ते भरायचेत, हे कारण तुम्हाला सांगताना मला काय वाटतंय ते मला विचारू नका.

आरोहीला सांगा, आणि दोष माझ्यावर टाका. "आत्याच्या कागदामुळे झालं" म्हणा. ते खरंच आहे.

उज्वला


दहिवली
१५ सप्टेंबर २०२४

चि. उज्वला,

सांगितलं तिला. रविवारी तिला सुट्टी नसते, मंगळवारी असते. मंगळवारी ती परसात कपडे वाळत घालत होती. मी जाऊन म्हटलं, "आरू, तो मेल खरा व्हता गं." आणि सगळं बोलून टाकलं. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी बहुतेक ओरडत असणार, कारण शेजारची सुंदरा बाहेर येऊन बघायला लागली.

आरोहीने हातातला कपडा पिळला, दोरीवर टाकला, पाटी आणली. लिहिलं, "आबा, मलापण तो खोटाच वाटला. पत्ता परका होता. तुम्ही नसता म्हणालात तरी मी पुसलाच असता."

मी विचारलं, "खरं?"

तिने "खरं" लिहून त्याखाली रेघ मारली. मग म्हणाली, म्हणजे ओठांवरून मला कळलं, "जेवायला चला."

त्या दिवसापासून थोडं जेवण जातंय. पोरीलाही खोटा वाटला म्हणजे माझं एकट्याचं पाप नाही, असं मन मला समजावतं. पण पहाटे जाग येते तेव्हा ते समजावणं पुरत नाही. तिने लिहिलं होतं ना, "हा वेगळा हाय"? मग?

तुझ्या हप्त्यांबद्दल वाईट वाटून घेऊ नको. आम्हीही हॉटेलात मालक सांगेल तेच नोंदवहीत लिहायचो.

भिंतींवरचे कागद मी काढले. सगळे निघाले नाहीत. गिरणीवरचा खळीने इतका घट्ट चिकटलाय की पाण्यानेही सुटेना. नामा म्हणतो, "असू दे काका, माझे पैसे त्यानं वाचवले."

श्रीपतकाका


दहिवली
१९ जानेवारी २०२५

प्रिय उज्वलाआत्या,
जयभीम.

तुम्ही मला तीनदा फोन केला आणि मी तीनदा "ड्यूटीवर आहे" म्हटलं. फोनवर बोलले असते तर रडले असते, आणि रिसेप्शनवर तसं चालत नाही. म्हणून लिहितेय. आबांसारखं छान लिहिता येत नाही.

आबांनी तुम्हाला लिहिलंच असेल की मलाही मेल खोटा वाटला. ते खरं नाही.

आबांना दाखवायच्या आधीच मी तो मेल उघडून वाचला होता. तीनदा. त्यात सोनाली मॅडमचं नाव होतं, आणि त्यांनी माझ्या एक्केचाळीस झाडांबद्दल एक ओळ लिहिली होती. ते चोराला कुठून माहीत असणार? मी धावतच ओट्यावर गेले होते. आबांना सरप्राइज द्यायचं म्हणून नुसतं लिहिलं, मेल आलाय.

आणि ते म्हणाले, पूस.

आत्या, तुम्ही तेव्हा इथे नव्हता. ते पैसे गेले त्या पावसाळ्यात आबा घरात कसे वावरायचे ते तुम्ही पाहिलं नाही. बाबा बिलं आईकडे द्यायचे तेव्हा आबा मुद्दाम भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं नाटक करायचे. मग तुमचे कागद आले आणि ते पुन्हा उठले. लोक त्यांच्याकडे यायला लागले. त्या दिवशी मी म्हटलं असतं, आबा, हा खरा आहे, तुम्ही परत चुकलात, तर? बाबा घरातच होते. मला ते तोंडातून काढता आलं नाही. पुसला. वाटलं, उद्या निवांत सांगीन. पुसलेला मेल काही दिवस परत मिळतो, मला माहीत होतं. सात दिवस होते.

त्याच संध्याकाळी ते विहारापाशी सगळ्यांना सांगून आले. तिसऱ्या दिवशी एक शाळामास्तर येऊन त्यांच्या पाया पडून गेले. मी रोज म्हणायचे, उद्या. पाचव्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. मेल परत काढला, "मी येते" असं टाइप केलं. पाठवला नाही.

आता जे लिहितेय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला भीती वाटत होती. मी कधी एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिले नव्हते. तिथे सगळं इंग्रजीत असेल, हॉस्टेलच्या मुली नाव विचारतील, मग आडनाव विचारतील. आबांनी नको म्हटल्यावर आतून कुठेतरी मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणून बसून राहिले. आबांसाठी किती आणि माझ्या भीतीसाठी किती, मला वेगळं करता येत नाही. खूप प्रयत्न केला.

तेव्हा तुम्ही आणि आबा एकमेकांची माफी मागताय ते बंद करा. आबा मला विचारतात, "तू हा वेगळा हाय असं का लिवलंवतं?" मी म्हणते, सहज. हे पत्र त्यांना कधीही दाखवू नका. एकदा त्यांनी मान्य केलंय की चूक थोडी त्यांची, थोडी तुमची. त्यात माझीही आहे हे कळलं तर ते म्हणतील, पोरीनं माझ्यापायी केलं, आणि मग त्यांना काही गिळता येणार नाही.

तुमच्या निवेदनाची नवीन प्रत मी वेबसाइटवर पाहिली. "अर्ज केला नसल्यास" हे शब्द आता घातलेत. झाडांच्या निवेदनातही यंदा एक्केचाळीस टक्के आहे. दोन्ही एकाच हातची वाटली, त्यावरून मला कळलं की नव्वद लिहिणाऱ्या बाई तुम्हीच. निबंधात तसं लिहिल्याबद्दल सॉरी. पण ते खरं होतं.

माझं बरं चाललंय. पहिल्या पगारात आबांना कानाचं यंत्र घेतलं, ते आवाजाला दचकतात म्हणून डबीतच ठेवतात. रिसॉर्टच्या आवारात दोन ऐन आहेत, एक कुंभा आहे, आणि मागे भिंतीलगत एक म्हातारा आसाणा. शनिवारी पाहुणे येतात तेव्हा मी त्यांना खोलीकडे नेताना झाडांची नावं सांगते. एका बाईंनी वहीत लिहूनही घेतली. मॅनेजर म्हणाले, "आरोही, गोष्टी सांगू नको, चावी दे आणि ये."

आता मी चावी देते आणि येते.

तुमची,
आरोही